दहा पीपीएमचं डिझेल: पंपवाला खरा, मेस्त्री निम्मा खरा, आणि तरी दिवा लागतोच

प्रश्न साताऱ्याकडच्या एका खडीच्या धंद्यातल्या गृहस्थांचा आहे. त्यांच्याकडे दोन टिपर आहेत, एक २०१४चा बीएस-३ आणि दुसरा २०२१चा बीएस-६. (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुराच्या नियमांचे टप्पे. आकडा मोठा तेवढा नियम कडक.) नव्या गाडीला डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळण्याचा, दिवा आठवड्याआड लागतो. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, तुमच्या डिझेलात सल्फर जास्त आहे. पंपवाल्याने त्यांच्यासमोर डिझेलची डेन्सिटी, म्हणजे घनता, काढून दाखवली, ती बरोबर निघाली. मेस्त्री तिसरंच सांगतो. सरकारने डिझेलमधला सल्फर काढून टाकला, त्यामुळे जुन्या गाडीचा फ्युएल पंप गेला, असं त्याचं म्हणणं. आता खरं कोण बोलतंय, आणि सरकार एवढं सल्फरच्या मागे का लागलं, असं त्यांनी विचारलंय.

इंधनाच्या प्रयोगशाळेत माझी तीस-बत्तीस वर्षं गेली, त्यामुळे उत्तर लांबणार. निकाल आधीच सांगून टाकतो. पंपवाला बहुधा खरं बोलतोय, पण त्याने दाखवलेला पुरावा या कामाचा नाही. मेस्त्री निम्मा बरोबर आहे. सर्व्हिसवाल्याने काही न तपासता ठोकून दिलंय, तरी ते अशक्य नाही. फक्त सल्फर पंपावरून आला असेल यापेक्षा तुमच्याच आवारातून आला असेल, असं मला जास्त वाटतं. का, ते शेवटाकडे सांगतो.

आधी आकड्यांचं बघू. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक. आजच्या डिझेलला १० पीपीएमची मर्यादा आहे, म्हणजे १०० टन डिझेलात जास्तीत जास्त १ किलो सल्फर. १२ हजार लिटरचे दहा टँकर ओळीने उभे केले, तर त्या सगळ्यांत मिळून एक किलो. मी नोकरीला लागलो तेव्हा मर्यादा १ टक्का होती, म्हणजे १० हजार पीपीएम. तुमच्या टिपरच्या ३०० लिटरच्या टाकीचा हिशोब करा. डिझेल साधारण अडीचशे किलो भरतं. तेव्हाच्या मर्यादेने त्यात अडीच किलो सल्फर चालला असता, आज अडीच ग्रॅम चालतो. तेव्हा पिशवीत घालून काट्यावर ठेवावा एवढा ऐवज होता, आज चिमूटभर उरलाय.

त्या काळी आम्ही सल्फर कसा मोजायचो तेही सांगतो, कारण मोजण्याची पद्धत बदलली तशी मर्यादाही खाली आली. पाऊण ग्रॅमभर तेल पोलादी बॉम्बमध्ये घालायचं, आत दाबाने ऑक्सिजन भरायचा, ठिणगी द्यायची. आतला सल्फर जळून पाण्यात सल्फेट म्हणून उतरायचा. त्या पाण्यात बेरियम क्लोराइड टाकलं की दुधासारखा पांढरा साका बसायचा. तो गाळायचा, भाजायचा आणि तोलायचा. १ टक्क्याच्या डिझेलचा साका पन्नास-साठ मिलिग्रॅम भरायचा, डोळ्यांना दिसायचा. आजच्या डिझेलवर हीच चाचणी केली तर गाळणीच्या कागदावर काही दिसणारच नाही. आता नमुना हजारेक अंशांवर जाळतात, त्यातून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश टाकतात आणि तो वायू किती चमकतो ते यंत्र मोजतं. साधं एक्स-रे यंत्र बऱ्याच प्रयोगशाळांत असतं, पण दहाच्या आसपास त्याचा भरवसा नाही. कुणी तुम्हाला रिपोर्ट दिला, तर आधी कोणत्या पद्धतीने काढलाय ते विचारा.

आता सरकार सल्फरच्या मागे का लागलं. बहुतेकांना वाटतं की सल्फरमुळे काळा धूर होतो. तसं नाही. काळा धूर म्हणजे काजळी, अर्धवट जळलेला कार्बन. सल्फर शून्यावर आणला तरी झिजलेल्या नोझलची, दाबून भरलेली गाडी घाटात काळाच धूर ओकणार. सल्फर जळून मुख्यतः सल्फर डायऑक्साइड होतो. त्यातला थोडा भाग पुढे सल्फेट होऊन बारीक कणांच्या रूपात बाहेर पडतो. पाण्याच्या वाफेशी गाठ पडली की आम्ल तयार होतं, ते लायनर आणि रिंगा खातं आणि इंजिन ऑइलमधला अल्कधर्मी साठा संपवतं. जुने लोक ऑइल लवकर बदलायचे त्यामागे हे एक कारण होतं. तेव्हा सल्फर कमी झाल्याचा फायदा तुमच्या २०१४च्या गाडीलाही आहेच, काही नवीन न बसवता.

पण एवढ्यासाठी कुणी ५० पीपीएमवरून १० वर यायला हजारो कोटी घातले नसते. आज महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांच्या हवेत सल्फर डायऑक्साइड मर्यादेच्या बराच खाली असतो, आणि देशातला जो आहे तो मुख्यतः कोळशावरच्या वीज केंद्रांचा. (त्या केंद्रांच्या चिमण्यांसाठी डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा ठरल्या आणि पुढे मुदतीवर मुदत मिळत गेली. डिझेलवाल्यांना अशी सवलत मिळाली नाही, याचं आम्हाला थोडं वैषम्य वाटायचं.) खरं कारण गाडीच्या सायलेन्सरच्या आधी बसलेल्या डब्यांत आहे.

पेट्रोलमधल्या शिशाची गोष्ट जुन्या लोकांना आठवत असेल. १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू निवळणारा उत्प्रेरकाचा डबा, सक्तीचा झाला, आणि त्याच वेळी तिथे बिनशिशाचं पेट्रोल आणावं लागलं, कारण शिसं कन्व्हर्टरला मारून टाकतं. डिझेलमध्ये शिशाच्या जागी सल्फर आहे. तुमच्या २०२१च्या टिपरमध्ये इंजिनातून निघालेला धूर आधी एका उत्प्रेरकातून जातो. त्यावर प्लॅटिनमसारखे धातू असतात. तिथे नायट्रिक ऑक्साइडचं नायट्रोजन डायऑक्साइड होतं. पुढे डीपीएफ, म्हणजे चिनी मातीसारख्या पदार्थाचं मधाच्या पोळ्यासारखं गाळणं. त्याच्या भिंतीत काजळी अडकते, आणि मागून आलेला नायट्रोजन डायऑक्साइड ती काजळी कमी तापमानातही हळूहळू जाळत राहतो. त्यापुढे उरलेली नायट्रोजनची ऑक्साइडं मोडायला युरिया फवारणारा भाग. ही सगळी साखळी पहिल्या डब्यावर अवलंबून आहे, आणि सल्फर नेमका तिथेच जाऊन बसतो. उत्प्रेरकाची जागा अडवतो आणि वर स्वतःच ऑक्सिडाइज होऊन सल्फेटचे कण तयार करतो. अमेरिकेत २००० सालच्या सुमारास झालेल्या चाचण्यांत असं दिसलं की ३ पीपीएमच्या डिझेलवर गाळणं ९० टक्क्यांहून जास्त कण अडवतं, आणि १५० पीपीएमला तो फायदा जवळजवळ पूर्ण गायब होतो. म्हणजे महागडं गाळणं बसवायचं आणि त्याच्या मागच्या बाजूने तेवढेच कण नवे तयार करायचे.

बीएस-६ मध्ये डिझेल कारची कणांची मर्यादा किलोमीटरला २५ मिलिग्रॅमवरून साडेचार मिलिग्रॅमवर आली. हे गाळण्याशिवाय जमत नाही, आणि गाळणं स्वच्छ डिझेलशिवाय टिकत नाही. म्हणून गाडीचा नियम आणि डिझेलचा नियम एकाच दिवशी लागू करावा लागतो. गाडीचा नियम रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे, डिझेल पेट्रोलियम मंत्रालयाकडे, डिझेलची प्रत आयएस १४६० या भारतीय मानकात. तीन घरची माणसं एकाच मुहूर्ताला मांडवात आणायची म्हणजे काय कसरत असते, ते लग्नघरातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे हा मुहूर्त कसकसा साधला ते भरभर सांगतो. १९९६ मध्ये महानगरांत अर्धा टक्का, २००० च्या सुरुवातीला देशभर पाव टक्का. मग ५०० पीपीएम, आधी दिल्लीत, २००१ मध्ये मुंबईत. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाचा दट्ट्या होता, मुंबईत उच्च न्यायालयात धुराविरुद्धची याचिका चालू होती. २००१ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकरांची समिती नेमली गेली आणि २००३ मध्ये तिच्या अहवालावर वाहन-इंधन धोरण आलं. त्यानुसार २००५ पासून देशभर ५०० आणि ११ शहरांत ३५०. २०१० मध्ये देशभर ३५० आणि १३ शहरांत ५०. १ एप्रिल २०१७ पासून सगळीकडे ५०. त्यानंतर बीएस-५ हा टप्पाच गाळून टाकला आणि १ एप्रिल २०२० पासून सगळीकडे १०. दिल्लीत २०१७ च्या हिवाळ्यात धुरकं इतकं झालं की तिथे दोन वर्षं आधी, एप्रिल २०१८ पासूनच १० पीपीएमचं डिझेल दिलं.

यातली २००५ ते २०१७ ही वर्षं मला सगळ्यात खटकतात. शहरात एक डिझेल आणि बाहेर दुसरं. २०११ मध्ये मुंबई, पुणे, सोलापूर इथे ५० पीपीएम, आणि कोल्हापुरात ३५०. (१३ शहरांच्या यादीत सोलापूर होतं आणि नाशिक नव्हतं. आमच्या लॅबमधला एक सोलापूरकर हे दर आठवड्याला ऐकवायचा.) रिफायनऱ्यांकडे एकदम सगळीकडे देण्याइतकी यंत्रणा नव्हती, पैसा टप्प्याटप्प्याने घालायचा होता, हे मान्य. कारपुरतं ते चाललंही, कारण पुण्यातली कार बहुतेक वेळा पुण्यातच भरते. पण ट्रक? तो मुंबईत माल भरतो, कागलच्या पुढे जिथे स्वस्त मिळेल तिथे डिझेल घेतो आणि परत मुंबईत येऊन धूर सोडतो. त्यामुळे लांब पल्ल्याचे ट्रक पुष्कळदा शहराबाहेर बीएस-३ मध्येच नोंदवले जात. ज्या बीएस-४ ट्रकांना युरियाची यंत्रणा होती, त्यांतही व्हॅनेडियमवर चालणारा उत्प्रेरक जास्त वापरला गेला, कारण तो सल्फर सोसतो. हवेला शहराची हद्द कळत नाही, आणि टँकरवाल्यालाही जेवढी सोयीची तेवढीच कळते.

आता सल्फर काढतात कसा. मुंबई हायचं तेल मुळात गोड, म्हणजे त्यात सल्फर कमी, पाव टक्क्याच्या आत. पण आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो आणि आखाती तेलात दीड-दोन टक्क्यांपासून तीन-चार टक्क्यांपर्यंत सल्फर असतो. त्यातून निघालेलं डिझेल साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवून, भरपूर दाबाखाली, हायड्रोजनबरोबर कोबाल्ट-मॉलिब्डेनम किंवा निकेल-मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावरून सोडतात. सल्फर हायड्रोजन सल्फाइड होऊन वेगळा निघतो. तो विषारी वायू अमाइनच्या द्रावणात पकडतात आणि शेवटी त्याचं पिवळं गंधक करून खत आणि आम्ल कारखान्यांना विकतात.

१० हजारावरून ५०० पर्यंतचा उतार तुलनेने सोपा आहे. सल्फर ज्या रेणूंत असतो त्यातले बरेच उघडे असतात, हायड्रोजन सहज पोचतो. शेवटचे तीनशे-चारशे पीपीएम मात्र डायबेन्झोथायोफीनच्या भाऊबंदांत असतात. या रेणूत सल्फरच्या दोन्ही बाजूंना मिथाइलचे गट दारवानासारखे उभे असतात, उत्प्रेरक सल्फरला शिवूच शकत नाही. मग आधी रेणूची एक कडी हायड्रोजनने भरून त्याला वाकवावं लागतं, तेव्हा कुठे सल्फर हाती लागतो. त्यासाठी जास्त दाब, मोठा रिअॅक्टर आणि कितीतरी जास्त हायड्रोजन. म्हणून ५० वरून १० वर येण्याचा खर्च ४० पीपीएमच्या हिशोबात मोजून चालत नाही. देशभरच्या रिफायनऱ्यांचा बीएस-६ साठीचा खर्च ३० हजार कोटींच्या घरात सांगितला गेला. आणि हायड्रोजन नाफ्था किंवा नैसर्गिक वायूपासून बनतो, त्यात कार्बन डायऑक्साइड निघतो. रस्त्यावरचा धूर कमी करायला रिफायनरीची चिमणी थोडी जास्त चालते. माझ्या मते हा व्यवहार परवडणारा आहे, कारण रस्त्यावरचा धूर माणसाच्या नाकासमोर निघतो.

आता तुमच्या मेस्त्रीकडे येऊ. तो म्हणतो तसं खरंच घडलेलं आहे, पण आपल्याकडे आणि आत्ता नाही. स्वीडनने १९९१ मध्ये करात सवलत देऊन अगदी कमी सल्फरचं डिझेल आणलं. तिथे थोड्याच काळात फ्युएल पंप झिजायला लागले. गुन्हा सल्फर नसण्याचा नव्हता. हायड्रोजनच्या माऱ्यात सल्फरबरोबर डिझेलमधले दुसरे काही चिकट, धातूला धरून राहणारे रेणूही निघून जातात, आणि रोटरी पंपाला वंगण डिझेलचंच असतं. तेव्हापासून डिझेलमध्ये वंगणाचं अॅडिटिव्ह घालतात आणि त्याची चाचणी मानकातच आली. सहा मिलिमीटरची पोलादी गोळी डिझेलमध्ये बुडवून, ६० अंशांवर, २०० ग्रॅम वजनाखाली, पोलादी चकतीवर ७५ मिनिटं घासतात, सेकंदाला ५० वेळा. गोळीवरचा घासल्याचा डाग सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. तो ४६० मायक्रॉनच्या आत हवा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. आपल्या पंपावरच्या डिझेलला ही अट लागू आहे.

जुन्या पंपाला एक वेगळा त्रास होऊ शकतो. वर्षानुवर्षं जुन्या डिझेलात फुगलेले रबरी सील नवीन डिझेलात किंचित आकसतात आणि पंप गळायला लागतो. हे एकदाच होतं. सील किट बदललं की विषय संपतो. तुमच्या जुन्या गाडीचा पंप २०२० च्या उन्हाळ्यात गळायला लागला असता तर मी मेस्त्रीला पैकीच्या पैकी मार्क दिले असते. त्यानंतर इतक्या वर्षांनी गेला असेल तर पाणी, कचरा किंवा वय.

पण त्या मेस्त्रीने तुम्हाला एक उपाय सांगितलाच असणार: टाकीत थोडं टू-टी ऑइल घाला, नाहीतर इंजिन ऑइल घाला, पंपाला वंगण मिळेल. जुन्या गाडीत याने फारसं बिघडणार नाही. नव्या गाडीत मात्र हे करू नका. इंजिन ऑइलमध्ये सल्फर तीन-चार हजार पीपीएम सहज असतो, आणि वर जस्त, कॅल्शियम. १०० लिटर डिझेलात १ लिटर ऑइल घातलं तर नुसता सल्फर ३० ते ४० पीपीएमने चढतो. शिवाय जस्त-कॅल्शियमची राख गाळण्यात बसते ती बसते, जळून जात नाही. दोन्ही गाड्यांचा ड्रायव्हर एकच असेल तर त्याला हे नीट बजावा.

पंपवाल्याची डेन्सिटी. ग्राहक म्हणून ती बघायचा तुमचा हक्क आहे आणि बघावीच. टँकर आला तेव्हाची डेन्सिटी आणि आताची, यांत घनमीटरला ३ किलोपेक्षा जास्त फरक नको. पण सल्फरसाठी ही चाचणी आंधळी आहे. समजा डिझेलात १ टक्का रॉकेल मिसळलं. रॉकेल डिझेलपेक्षा घनमीटरला साधारण चाळीसेक किलोने हलकं, म्हणजे डेन्सिटी अर्ध्या किलोनेही हलत नाही. हायड्रोमीटरला पत्ताच लागत नाही. रॉकेलला मात्र मानकात पाव टक्का सल्फर चालतो, म्हणजे २५०० पीपीएम. १ टक्क्याने २५ पीपीएम वाढले. आधी ८ होते, आता ३३. जुन्या दिवसांत, ५०० च्या मर्यादेत, हीच भेसळ सल्फरच्या आकड्यात दिसलीही नसती. मर्यादा खाली आली तशी सगळी वाट नाजूक झाली. माझ्या नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांतला मोठा धडा हाच होता: रिफायनरीत १० चं डिझेल बनवणं एक वेळ जमतं, ते नोझलपर्यंत १० चंच पोचवणं हे खरं काम.

पाइपलाइनचंच घ्या. मुंबईहून मनमाडकडे जाणाऱ्या किंवा पुण्यावरून सोलापूरकडे जाणाऱ्या लाइनमधून पेट्रोल, डिझेल, रॉकेल एकामागोमाग एकाच नळीतून ढकलतात. मध्ये पडदा नसतो. दोन मालांच्या सांध्यावर थोडं मिश्रण होतंच. तो सांधा डेपोवर पोचला की डेन्सिटी बघून वेगळ्या टाकीत वळवतात. ३५० च्या दिवसांत सांधा चार मिनिटं इकडे-तिकडे कापला तरी चालायचं. १० च्या दिवसांत रॉकेलच्या मागून येणाऱ्या डिझेलचा सांधा जरा लवकर कापून डिझेलच्या टाकीत वळवला की अख्खी टाकी नापास. म्हणून रिफायनऱ्या १० च्या काठावर माल सोडत नाहीत, सहा-आठवर सोडतात. वरचा दोन-चारचा मोकळा भाग वाटेत सांडायला ठेवलेला असतो.

एप्रिल २०२० च्या वेळी पंपांच्या टाक्या धुतल्या का, असंही लोक विचारतात. धुवायची गरज नव्हती. २० हजार लिटरच्या टाकीत तळाला २ हजार लिटर ५० चं डिझेल उरलं, वर १८ हजार लिटर ८ चं ओतलं, की मिश्रण १२ च्या आसपास येतं. आणखी एकदा भरलं की साडेआठ. म्हणून काही आठवडे आधीपासूनच नवं डिझेल सोडायला सुरुवात केली होती. नेमका तेव्हा लॉकडाऊन लागला, खप पडला, आणि टाक्या रिकाम्याच होईनात. त्या दोन महिन्यांत आम्ही घरून फोनवर जेवढे हिशोब केले तेवढे ऑफिसात वर्षभरात केले नव्हते.

टँकरचा एक किस्सा. एका पंपावरचा नमुना २७ निघाला. पंपाची टाकी तपासली, डेपोची टाकी तपासली, दोन्हीकडे चूक नाही. शेवटी टँकरच्या फेऱ्यांचं रजिस्टर काढलं. आदल्या फेरीत एका कप्प्यात रॉकेल होतं. कप्पा चार हजार लिटरचा. टँकर उतारावर उभा करून रिकामा केला, त्यामुळे तळाला चाळीसेक लिटर राहून गेलं. चाळीस भागिले चार हजार, म्हणजे १ टक्का. त्या रॉकेलमध्ये सल्फर २००० होता, वीस पीपीएम तिथेच चढले. कुणी चोरी केली नव्हती. गाडी तिरकी उभी होती, एवढंच.

आणि आता तुमचं आवार. तुम्ही लिहिलंय की क्रशरवर डिझेल बॅरलमध्ये साठवता आणि हातपंपाने गाड्यांत भरता. मला शंका आहे ती इथे. बॅरल कुठून आले? भंगारवाल्याकडून घेतलेल्या बॅरलमध्ये आधी इंजिन ऑइल, फर्नेस ऑइल किंवा एलडीओ (लाइट डिझेल ऑइल, हलक्या प्रतीचं कारखानी तेल) असतं. एलडीओला दीड टक्का सल्फर चालतो, म्हणजे १५ हजार पीपीएम. २०० लिटरच्या बॅरलमध्ये तळाला आणि भिंतीला मिळून १ लिटर एलडीओ राहिलं, तर तुमचं १० चं डिझेल ८० च्या वर गेलं. क्रशरच्या जनरेटरसाठी जर एलडीओ आणत असाल आणि हातपंप तोच असेल, तर पंपाच्या नळीत राहिलेलं तेलही मोजा. हायवेवर ‘बायोडिझेल’ किंवा ‘इंडस्ट्रियल ऑइल’ म्हणून लिटरमागे दहा-पंधरा रुपये कमी घेऊन विकतात ते कधी घेतलं असेल, तर बाकी काही शोधू नका.

तरीही दिवा सल्फरमुळेच लागतोय असं मी म्हणणार नाही. टिपर खाणीत उभ्या उभ्या चालू राहतो, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारतो. गाळण्यातली काजळी जाळायला धूर तापावा लागतो, तो तापतच नाही. निम्म्या तक्रारी याच असतात. आठवड्यातून एकदा भरलेली गाडी हायवेवर पाऊण तास एका गतीने पळवून बघा. इंजिन ऑइल कमी राखेचं आहे का, तेही बघा. डब्यावरचं ग्रेड आणि गाडीच्या पुस्तकातलं ग्रेड जुळवा, विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका. सल्फरची एक खूण मात्र सांगतो. गाडी बराच वेळ संथ चालून मग एकदम जोर घेते, तेव्हा सायलेन्सरमधून पांढुरका धूर आणि काडी पेटवल्यासारखा झोंबणारा वास आला, तर डब्यात साठलेला सल्फेट तापून बाहेर पडतोय. हा वास पंपावरच्या डिझेलवर चालणाऱ्या गाडीला यायला नको. चांगली गोष्ट एवढी की बहुतेक वेळा हे नुकसान कायमचं नसतं. स्वच्छ डिझेलवर, पाचशे अंशांच्या वर नीट तापवून उत्प्रेरक बऱ्यापैकी सुधारतो. त्यामुळे डबा बदला म्हणून लाखाचं एस्टिमेट दिलं, तर लगेच होकार देऊ नका.

तपासून घ्यायचं असेल तर दोन नमुने घ्या, एक पंपाच्या नोझलचा, एक तुमच्या बॅरलच्या तळाचा. एक-एक लिटर. नवा अॅल्युमिनियमचा डबा वापरा, आधी त्याच डिझेलने तीनदा विसळा आणि मग भरा. पाण्याची बाटली, ऑइलचा धुतलेला कॅन, यातलं काही नको. १० च्या हिशोबात बोटाला लागलेलं ग्रीसही आकडा बिघडवतं. सरकारी तपासणीत डिझेलचे तीन सीलबंद नमुने घेतात, एक पंपवाल्याकडे ठेवायला, एक तपासणाऱ्या खात्याकडे, एक प्रयोगशाळेला. तुम्हाला एवढं नको, पण प्रत्येकी एक जादा डबा सील करून ठेवा, पुढे सर्व्हिसवाल्याशी वाद झाला तर उपयोगी पडेल. खासगी प्रयोगशाळेला सांगताना ‘अतिनील पद्धतीने सल्फर’ असं स्पष्ट लिहून द्या.

नोझलचा नमुना १० च्या आत आणि बॅरलचा वर निघाला, तर ते बॅरल जनरेटरला द्या आणि बीएस-६ गाडी सरळ पंपावर नेऊन भरा. दोन्ही आत निघाले, तर डिझेलचा नाद सोडून इंजेक्टर तपासायला घ्या.